न बोलणारा कप्तान: जुन्या इंग्रजी दर्यानाटकांतली भुतं

पडद्यामागचा

गेल्या पावसाळ्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली इंग्रजी दर्यानाटकं वाचतोय. तिकडे त्यांना नॉटिकल ड्रामा म्हणत, मला आपला दर्यानाटक हा शब्द बरा वाटतो. खलाशी, बंदर, वादळ, फाशीचा दोर आणि ऐन वेळची सुटका, असा त्यांचा ऐवज. आज ती कुणी करत नाही, वाचणारेही थोडेच. पण त्यातल्या एका भुताने मला पछाडलंय, म्हणून हा धागा.

नाटक आहे एडवर्ड फिट्झबॉलचं, ‘द फ्लाइंग डचमन; ऑर, द फँटम शिप’. लंडनच्या अडेल्फी थिएटरात १ जानेवारी १८२७ रोजी ते पहिल्यांदा झालं. केप ऑफ गुड होपपाशी कायमचं भरकटत राहिलेलं डच जहाज ही दंतकथा खलाशांच्या तोंडी आधीपासून होतीच. जॉन मॅक्डोनल्ड नावाच्या एका नोकरमाणसाच्या १७९० साली छापलेल्या आठवणींत ती ओझरती येते. (हा मॅक्डोनल्ड साहेबाच्या चाकरीत मुंबईतही राहून गेला होता.) पुढे १८२१मध्ये ब्लॅकवुड्स मॅगझिनमध्ये तिच्यावर गोष्ट आली. नाटकातला कप्तान व्हॅन्डरडेकन हे नाव तिथलंच.

फिट्झबॉलने त्या गोष्टीत स्वतःची एक अट घातली. समुद्राच्या तळाशी रॉकाल्डा नावाची दुष्ट शक्ती आहे. व्हॅन्डरडेकन तिचा ताबेदार. शंभर वर्षांतून एकदा त्याला जमिनीवर जायची मुभा मिळते, बायको शोधायला. पण जमिनीवर असेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. बोलला की मुदत संपली, पुन्हा जहाजावर.

म्हणजे रंगभूमीवर भूत येतं ते जुना डच पोशाख करून, निळ्या आगीच्या झोतात, हातात कवटीचं काळं निशाण घेऊन. आणि गप्प. बाकीची पात्रं ओरडतात, गाणी म्हणतात, विनोद करतात (विनोदी पात्रं भरपूर आहेत, जरा जास्तच). हा एकटा नुसता हातवाऱ्यांवर आणि पावलांवर. शेवटी गुहेत त्याचा राग अनावर होतो, तो तोंड उघडतो आणि त्याच क्षणी स्वतःच सांगतो की मी बोललो, माझं संपलं.

हे मौन आलं कुठून? मला वाटतं कायद्यातून. १७३७च्या परवाना कायद्यानंतर लंडनमध्ये गद्य संवादांचं नाटक करायचा हक्क ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या सनदी नाट्यगृहांपुरता राहिला. बाकीच्या छोट्या थिएटरांना संगीत, मूकनाट्य, कवायती, देखावे यांवर दिवस काढावे लागले. १८४३पर्यंत हे चाललं. बोलायची बंदी असलेल्या थिएटरांनी बोलायची बंदी असलेलं भूत जन्माला घातलं.

दुसरी गोष्ट त्या नटाची. व्हॅन्डरडेकन केला टी. पी. कुकने. हा माणूस मुळात खलाशी. जन्म १७८६चा. पोरवयात आरमारात गेला, १७९७च्या केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत होता, म्हणजे तेव्हा पुरता अकरा वर्षांचाही नव्हता. नंतर कुक्सहाफेन या जर्मन बंदराजवळ त्याचं जहाज फुटलं आणि माणसांना डोलकाठीच्या दोरखंडांवर चढून जीव वाचवावा लागला. तो नाटकात आला १८०४मध्ये.

त्याच्या भूमिका ओळीने मांडून बघा. ऑगस्ट १८२०: प्लांशेच्या ‘द व्हँपायर’मध्ये लॉर्ड रुथवेन. (रक्तपिपासू स्कॉटलंडमध्ये का, तर मॅनेजरला स्कॉटिश संगीत आणि कपडे हवे होते आणि कपडे कोठीत तयार होते. स्वतः प्लांशेने हे लिहून ठेवलंय.) जुलै १८२३: पीकच्या ‘प्रिझम्प्शन’मध्ये फ्रँकेनस्टाइनने घडवलेला जीव. अंगाला घट्ट बसणारा फिकट निळा पोशाख, जणू तीच कातडी. जाहिरातपत्रकात त्याच्या पात्राच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या मेरी शेलीने प्रयोग पाहिला, तिला त्या रेघांची कल्पना आवडली. या नाटकात कुक एक शब्द बोलत नाही. बासरी ऐकू येते तेव्हा तो सूर हवेतून हाताने पकडायला जातो. आणि मग १८२७चा व्हॅन्डरडेकन.

१८२०चं पिशाच गोड बोलून पोरी नादी लावतं. १८२३च्या जीवाला बोलता येत नाही. १८२७च्या भुताला बोलता येतं, पण मनाई आहे. तिन्ही वेळा माणूस तोच. दोन वर्षांनी, ८ जून १८२९ला, हाच कुक सरे थिएटरात डग्लस जेरोल्डच्या ‘ब्लॅक-आयड सुझन’मध्ये भोळा खलाशी विल्यम झाला आणि अखंड बोलत सुटला. प्रेम, राग, रडू, सगळं शिडं-सुकाणूंच्या भाषेत. ते नाटक दीडशेहून जास्त रात्री चाललं. पण विल्यम बघताना प्रेक्षकांना तो मुका कप्तान आठवत नसेल का? मला तर वाचतानाही आठवतो.

जाणकारांनी भर घालावी.

जुना_खलाशी

धागा आवडला. नाटकातलं मला फार कळत नाही, जहाजावरचं थोडं सांगतो. बत्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली.

ती निळी आग. नाटकवाल्यांनी ती शून्यातून आणलेली नाही. शिडाच्या जहाजांवर रात्री खूण करायला निळी दारू पेटवत, तिला ब्लू लाइटच म्हणत. सोरा, गंधक वगैरेचं मिश्रण. असल्या दिव्यांना बंगाल लाइट हेही नाव आहे, आणि इंग्रजांचा सोरा तेव्हा मुख्यतः बिहार-बंगालमधूनच जायचा. रात्री समुद्रात लांबवर निळा उजेड दिसला तर त्याचे अर्थ ठरलेले: आम्ही इथे आहोत, किंवा आम्ही संकटात आहोत, या. आता त्या प्रेक्षकांत बसलेल्या खलाशाचा विचार करा. समोर निळा जाळ होतो आणि त्यातून येतो तो ज्याच्या मदतीला कधीही जायचं नाही असा माणूस. साध्या माणसाला ती नुसती शोभेची दारू वाटेल, खलाशाच्या पोटात गोळा येईल.

आणि ते भुताचं जहाज: तसं अधांतरी जहाज मी स्वतः पाहिलंय. केपच्या दक्षिणेला, पहाटेची वॉच, समुद्र तेलासारखा शांत. क्षितिजाच्या वर, मध्ये फट सोडून, एक मालवाहू जहाज उलटं लटकलेलं. खाली पाण्यावर काही नाही. थंड पाण्यावर गरम हवेचा थर बसला की क्षितिजापलीकडचं जहाज असं वर उचललेलं दिसतं. कारण मला पाठ होतं, परीक्षेत लिहून आलो होतो. तरी हातातला चहा तसाच गार झाला. चार-पाच मिनिटांत ते विरलं. आमचा हेल्म्समन रत्नागिरीचा होता, त्याने सुकाणूवरचा एक हात काढून कपाळाला लावला, बोलला काही नाही.

११ जुलै १८८१ला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ इंग्लंडच्या दोन राजपुत्रांच्या प्रवासाच्या नोंदीतही हे डच जहाज आहे. पहाटे चारची वेळ, लालसर उजेड, तेरा जणांनी पाहिलं. ज्या टेहळ्याने आधी वर्दी दिली तो त्याच सकाळी डोलकाठीवरून पडून मेला. दोघांतला एक पुढे पंचम जॉर्ज झाला.

रंगपीठ

पडद्यामागचा, मांडणी सुरेख आहे, पण कायद्याचा मुद्दा मला पटत नाही.

पहिलं, १८२७पर्यंत छोटी थिएटरं बिनदिक्कत बोलत होती. मध्ये चार गाणी टाकली की त्याला बुर्लेटा म्हणायचं आणि संवाद हवे तेवढे. तुमच्याच नाटकात बाकी सगळे बोलतातच ना? दुसरं, मुकं पात्र सनदी नाट्यगृहातही होतं. हॉलक्रॉफ्टचं ‘अ टेल ऑफ मिस्टरी’ १८०२ साली कॉव्हेंट गार्डनला झालं, जिथे बोलायला पूर्ण मोकळीक. त्यातला फ्रान्सिस्को मुका आहे. ते मूळ फ्रेंच नाटक, पिक्सेरेकूरचं. म्हणजे हा मेलोड्रामाचा जुना वहिवाटीचा भाग. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे सत्य असतं, आणि ते बाहेर यायला तीन अंक लागतात.

फिट्झबॉललाही हे फार प्रिय. १८२८च्या त्याच्या ‘द इंचकेप बेल’मध्ये मुका खलाशी पोर आहे.

पडद्यामागचा

@रंगपीठ, बरोबर आहे. १८०२चं उदाहरण मी विसरायला नको होतं. कायद्यातून थेट भूत निघालं हे म्हणणं मागे घेतो. कायद्याने शंभरेक वर्षं न बोलता सगळं सांगणारे नट घडवले आणि फिट्झबॉलच्या हाताशी ते होते, एवढंच म्हणतो.

पण तुमच्या उदाहरणांनी एक फरक उलट जास्त ठळक झाला. फ्रान्सिस्को मुका आहे, इंचकेपचं पोरगं मुकं आहे, दोघेही गांजलेले. आपण त्यांच्या बाजूने. इथे मुका आहे तो खलनायक. त्याच्याकडे कुठलं सत्य आहे जे बाहेर यायचंय? मला त्याचं उत्तर नाटकात सापडत नाही, नाट्यगृहात बसलेल्या माणसांत सापडतं. नेपोलियनच्या युद्धात ब्रिटिश आरमारात १,४५,००० माणसं होती. १८१७पर्यंत ती १९,००० उरली. बाकीचे किनाऱ्यावर सोडून दिलेले. त्यांतल्या कितीतरी जणांना रस्त्यावरून उचलून जबरदस्तीने भरती केलेलं. थेम्सच्या दक्षिणेच्या थिएटरांत स्वस्त जागांवर, पिटमध्ये आणि गॅलरीत, हेच बसत. वर्षानुवर्षं जहाजावर कैद, मध्येच जमिनीवर चार दिवस, घरी कुणी ओळखत नाही, बोलायचं तर काय बोलायचं. ते भूत त्यांना परकं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

ऑपेरावेडी

जर्मन संगीतकार वॅग्नरचा ‘डचमन’ हा ऑपेरा (ड्रेस्डेन, १८४३) माझा जीव की प्राण, त्यामुळे हे वाचून थरारले. पण किती वेगळं! वॅग्नरचा कप्तान येतो तोच दहाएक मिनिटांचं स्वगत गात. त्याला मुक्ती हवी आहे, आणि नायिका सेंटा त्याच्यासाठी समुद्रात उडी घेते. तुमच्या व्हॅन्डरडेकनला मुक्ती नकोच दिसते, नुसती बायको हवी?

वॅग्नरही १८३९मध्ये रीगाकडून लंडनला जाताना वादळात सापडून नॉर्वेच्या खाडीत आश्रयाला गेला होता. खलाशांच्या आरोळ्या कड्यांवर आपटून परत यायच्या, त्या त्याने कोरसमध्ये घातल्या.

पडद्यामागचा

@ऑपेरावेडी, हो. फिट्झबॉलकडे प्रेमाने उद्धार वगैरे काही नाही. लेस्टेल नावाच्या मुलीला तो पळवून नेतो, तिला तो नकोय. ती वाचते, तो परत समुद्रात जातो. करुणा दाखवायला लेखकाला वेळ नाही, पण मला ते जास्त खरं वाटतं. समुद्र कुणाला माफ करत नाही.

सई_वेंगुर्ला

पडद्यामागचा दादा, मी नाटकाची विद्यार्थिनी नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिते. आमच्या वेंगुर्ल्यात डच वखारीची पडकी इमारत आहे. सतराव्या शतकातली. डच जहाजं युरोपातून इकडे केपला वळसा घालूनच यायची. लहानपणी तिथल्या भिंतीत उगवलेल्या वडाखाली आम्ही खेळायचो, आणि आत जायचं नाही अशी ताकीद असायची. डच कप्तान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ती भिंत आली.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मचव्यावर गेले ते परत आलेच नाहीत. मचवाही मिळाला नाही. बाकी कुणी गेलं की आजी “वारले” म्हणायची. यांच्याबद्दल कायम “गेले” एवढंच. बारा वर्षांनी पालाशविधी केला, पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी दिला, तरी तिने शब्द बदलला नाही. पणजी तर संध्याकाळी पडवीतला कंदील उशिरापर्यंत काढू द्यायची नाही म्हणे.

दादा, ब्लॅकवुडच्या त्या गोष्टीत काय आहे? नाटकाआधीची म्हणालात ती.

अनुस्वार

एक शंका. ‘ब्लॅक-आयड सुझन’मध्ये भूतबित काही नाही. मग त्याला या धाग्यात जागा का? भुताखेतांची गोथिक नाटकं म्हणजे पडके वाडे, तळघरं, सांगाडे. ‘द कॅसल स्पेक्टर’सारखं काहीतरी. जहाजावर ते कुठून येणार?

पडद्यामागचा

@अनुस्वार, फार चांगला प्रश्न, याच्यावर मी बरेच दिवस घुटमळलोय.

‘द कॅसल स्पेक्टर’मध्ये (ड्रुरी लेन, १७९७) वाडा आहे, वाड्याचा दुष्ट धनी आहे, त्याच्या तावडीतली मुलगी आहे, आणि शेवटी मेलेल्या आईचं भूत येऊन तिला वाचवतं. आता सुझन बघा. विल्यम तीन वर्षांनी घरी येतो. त्याचा कप्तान क्रॉसट्री दारूच्या नशेत सुझनवर हात टाकतो. विल्यम पाठीमागून तलवार चालवतो, माणूस वळतो, तेव्हा त्याला कळतं आपण कुणाला मारलं. वरिष्ठावर शस्त्र उगारलं की मृत्युदंड. कप्तान वाचतो, पण कायदा मागे फिरत नाही. लष्करी न्यायालयातले सगळे विल्यमला चांगला म्हणतात, त्याच्यासाठी हळहळतात, आणि सगळे मिळून त्याला फाशी सुनावतात. हाच मला वाडा वाटतो. दार नाही, खिडकी नाही, आणि आत दुष्ट असा कुणीही नाही. ज्या कप्तानाच्या अब्रूसाठी हे चाललंय तोही विल्यमला वाचवायला धडपडतोय.

आणि भूत? शेवटच्या प्रवेशात विल्यम फाशीच्या फळीवर उभा असताना क्रॉसट्री एक कागद घेऊन धावत येतो. विल्यमच्या सुटकेचा हुकूम आधीच निघालेला होता. वार केला त्या दिवशी तो आरमारात नव्हताच, म्हणून गुन्हाही नाही. हा कागद दाबून ठेवला होता सुझनच्या काकाने, डॉगग्रासने. तो बुडून मरतो आणि कागद सापडतो त्याच्या प्रेतावर. म्हणजे इथेही सुटका घेऊन येतो मेलेलाच माणूस. फक्त आता त्याला पांढरी वस्त्रं आणि संगीत नाही, भिजलेले कपडे आहेत.

विल्यमच्या बडबडीतही बघा काय काय तरंगतं. मध्येच तो एका शार्कची गोष्ट सांगतो. ती फाडली तर पोटात खलाशांची हरवलेली घड्याळं आणि तंबाखूच्या डब्या. प्रेक्षक खदखदून हसत असणार. पण ती घड्याळं कुणाच्या खिशातली, हे त्यातल्या प्रत्येक खलाशाला कळत होतं.

जेरोल्डला हे ऐकीव नव्हतं. तो दहा-अकरा वर्षांचा असताना शीअरनेसला ‘नेमूर’ जहाजावर दाखल झाला. (कप्तान होते चार्ल्स ऑस्टिन, कादंबरीकार जेन ऑस्टिनचे भाऊ.) युद्ध संपताना त्याच्या दुसऱ्या जहाजाने वॉटर्लूचे जखमी वाहून आणले. त्या पोराने फटक्यांची शिक्षा पाहिली होती, ती त्याला आयुष्यभर सोडून गेली नाही. शीअरनेसलाच त्याच्या वडिलांचं थिएटर होतं.

अनुस्वार

दार नसलेला वाडा. आता कळलं. धन्यवाद.

रंगपीठ

हे मान्य. सुझनबद्दल असा विचार केला नव्हता.

निळ्या आगीवरून: विष्णुदास भाव्यांच्या वळणाच्या आपल्या जुन्या नाटकांत राक्षस यायचा तेव्हा मशालीवर राळ फेकून भडका उडवत आणि “अललडुर्र” अशी आरोळी. दशावतारात राळ अजून दिसते. तिथे मात्र राक्षस आवाजाने ओळखायचा. गप्प राक्षस मी आपल्याकडे पाहिलेला नाही. पडद्यामागचा, ते जहाज रंगमंचावर दाखवत कसं? लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरसारखं पाणी होतं का?

पडद्यामागचा

@रंगपीठ, नाही. सॅडलर्स वेल्समध्ये धाकट्या चार्ल्स डिब्डिनने १८०४मध्ये रंगमंचाखाली हौद बांधला होता, जवळजवळ नव्वद फूट लांब, तीन फूट खोल, न्यू रिव्हर या कालव्याच्या पाण्याने भरलेला. ‘सीज ऑफ जिब्राल्टर’साठी जहाजांचे नमुने एका फुटाला एक इंच या मापाने केलेले, आणि बुडणारे स्पॅनिश खलाशी म्हणून लहान मुलं पोहायची. जहाज लहान म्हणून माणूसही लहान. अडेल्फीला ते शक्य नव्हतं आणि गरजही नव्हती. फिट्झबॉलने रंगसूचनेतच लिहिलंय की जहाज फँटस्मॅगोरियाच्या पद्धतीने दिसावं. मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणारा कंदील, पातळ पडद्याच्या मागे ठेवायचा, म्हणजे प्रेक्षकाला दिवा दिसत नाही. काचेवर जहाज रंगवायचं आणि भोवतालची काच पूर्ण काळी करायची. मग चौकट नाही, कड नाही, नुसतं जहाज अंधारात. लंडनला हा खेळ १८०१पासून माहीत होता. कंदील चाकांवर मागे-पुढे केला की चित्र लहान-मोठं होतं, आणि वाटतं अंगावर येतंय. जुना_खलाशी काकांनी पाहिलेल्या जहाजासारखंच, खाली पाणी नाही, वर आधार नाही.

@सई, तुझ्या पणजीच्या कंदिलापाशी मी बराच वेळ थांबलो. ब्लॅकवुडची ती गोष्ट तुला सांगायलाच हवी.

केपजवळ वादळात एका जहाजाला ते दुसरं जहाज भेटतं. त्यावरून एक होडी येते. होडीतला माणूस विनवतो की आमची पत्रं तेवढी घरी पोचवा, ॲमस्टरडॅमला. पत्ते वाचून दाखवले जातात आणि जहाजावरच्या कुणाकुणाला ती नावं माहीत निघतात. ही बाई वारली. तो सावकार साठ वर्षांपूर्वी गेला. ही गल्ली आता नाही, तिथे दुसरंच काही बांधलंय. होडीतल्या माणसाला ते ऐकूच जात नाही. तो पुन्हापुन्हा म्हणतो, आमचे लोक काळजीत असतील.

पत्रांना हात लावायला कुणी तयार होत नाही, घेतली तर आपलंही जहाज जायचं म्हणून. होडी निघून जाते, पत्रं डेकवर तशीच. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर लोखंड ठेवलेलं. मग जहाजाला एक मोठा हेलकावा बसतो, लोखंड घरंगळतं आणि सगळी पत्रं उडून समुद्रावर जातात.

फिट्झबॉलने नाटक करताना घरची ओढ बाजूला ठेवली आणि लग्नाची घातली. पण मला वाटतं कुक त्या गप्प हातांनी ती पत्रंच देत असणार.

सई_वेंगुर्ला

दादा, मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मोठ्या आजोबांचं एक पत्र घरात होतं, मुंबईहून आलेलं, ते निघायच्या आधीचं. आजीने ते देवघराच्या फळीखाली ठेवलं होतं आणि वर तांब्याचा गडू. उडू नये म्हणून.